न ऐकलेली सनई

फोन आला तेव्हा मी शारजातल्या शाळेत नववीला शिकवत होतो. दादाच्या खोलीवर राहणारा दापोलीकडचा इस्माईल एवढंच म्हणाला, "सर, अनंतभाई गेले. सकाळी उठलेच नाहीत." मी मुलांना पुस्तकं मिटायला सांगितली... पुढचं आठवत नाही. त्याला आता सहा आठवडे झाले.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. गावी, रत्नागिरीकडे, तो खालू बाजाच्या वाजंत्री ताफ्यात सनई वाजवायचा. वडील गेल्यावर वेल्डर म्हणून दुबईत आला आणि मुहैस्नाच्या कामगार कॅम्पात राहिला. त्या भागाला सगळे सोनापूर म्हणतात. आपल्याकडे सोनापूर म्हणजे स्मशान, हे तो हसत सांगायचा. त्याच्या मजुरीवर मी एम.ए. झालो आणि मागाहून इथेच मास्तर म्हणून आलो. दर रविवारी तो माझ्याकडे जेवायला यायचा. मी त्याच्या खोलीवर कधी गेलो नाही. प्रबंध लिहीत होतो ना... आफ्रिकन-अमेरिकन कथा-कादंबऱ्यांतला बंधुभाव, दुःख आणि संगीत.

"एवढं काय लिहितोस रे?" त्याने एकदा विचारलं.

मी सांगितलं, गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी लिहिलेल्या गोष्टी आहेत. जे सोसलं ते बोलता येत नाही, ते गाण्यावाजवण्यातून बाहेर येतं. भावाला भावाचं दुःख कळतं तेही त्याचं वाजवणं ऐकूनच.

"म्हणजे भाऊ ऐकायला जातो?"

"जातो. उशिरा का होईना."

"बरं आहे," म्हणून तो भात कालवत राहिला. मला वाटलं, गोष्ट आवडली त्याला.

गेल्या वर्षी त्याला धाप लागू लागली. इतक्या वर्षांच्या धुराने फुप्फुसं निकामी होत आली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. गावी जा म्हटलं, तर "कॉन्ट्रॅक्ट संपू दे" म्हणाला. तेव्हा कुठे मला सुचलं. "दादा, या रविवारी मीच येतो. सनई ऐकव."

तो म्हणाला, "आता फुंक खलास झाली, बाळू."

तो गेल्यावर त्याचा देह गावी पोचवून परतलो आणि सामान आणायला खोलीवर गेलो. आठ खाटा, एक रिकामी. इस्माईल सांगू लागला, त्याची स्वतःची आई वारली तेव्हा त्याला रजा मिळाली नव्हती. "तीन दिवस मी कुणाशी बोललो नाही. अनंतभाईंनी सनई काढली, तेव्हा रडलो. मग जेवलो." हे दादाने मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

दुपारी सामान आवरताना दादाची सनई माझ्या हाती आली. एक जण उठला आणि त्याने एसी बंद केला. बाहेर पंचेचाळीस अंश. मी इस्माईलकडे पाहिलं.

"अनंतभाई वाजवायला बसले की बंद करायचो. घरघर मधे नको म्हणून."

घाम निथळत होता... आम्ही तसेच बसून राहिलो.