व्याह्यांचं टाकं आणि माझे बेडूक

साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात पाण्याकडे संशयाने पाहणारा माणूस एकच, आणि तो दुर्दैवाने माझा व्याही आहे. निदान 'दुर्दैवाने' हा शब्द मी इतकी वर्षं लग्नांत, तेरव्यांत आणि एसटीच्या थांब्यावर भेटेल त्याला ऐकवत आलो. तो शब्द परत घेण्यासाठी आता लिहायला बसलो आहे. बोलून पसरवलेलं बोलून आवरत नाही; लिहून आवरतं का पाहू.

व्याह्यांचं दारव्ह्याला कापडाचं दुकान. मी कळंबचा. ते लोक माझ्या मुलीला पाहायला आले तेव्हा पोहे येण्याआधीच हे 'हात धुऊन येतो' म्हणून उठले आणि गेले ते गेलेच. मुलगी येऊन बसली, तिला नाव विचारून झालं, शिक्षण विचारून झालं, मुलाच्या आत्याने पुरणपोळी येते का हेही विचारलं, तरी मुलाचे वडील बेपत्ता. शेवटी मी मागे गेलो. पाहतो तर हे गृहस्थ टोपी काढून ठेवून आमच्या सिमेंटच्या टाक्यात कमरेपर्यंत वाकलेले. मला वाटलं अंगठी पडली. वर आले, तळाशी फिरवून आणलेलं बोट अंगठ्यावर चोळलं आणि म्हणाले, "शेवाळ नाई. पोरगी पसंत हाय." पोरीचं तोंड त्यांनी तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं. पाहुणे येणार म्हणून ते टाकं माझ्या बायकोने आदल्याच दिवशी घासलं होतं, हे आम्ही आजवर फोडलेलं नाही.

लग्नानंतर त्यांनी दुकान मुलाच्या हाती दिलं आणि स्वतः माशांना वाहून घेतलं. त्यांच्या घरामागे पेरू आणि कढीपत्त्याच्या मधे एक टाकं आहे. दोन बाजा शेजारी-शेजारी टाकाव्यात एवढं मोठं, कमरेइतकं खोल. त्यात थोडे रंगीत मासे, आणि बाकी सगळी गप्पी माशांची चिल्लर. या टाक्याचं पाणी ते कधीच पूर्ण बदलत नाहीत. "माशाचं घर हाय ते, धर्मशाळा नाई," असं म्हणून तळाचा गाळ तेवढा नळीने ओढून वांग्यांना सोडतात, आणि गेलं तेवढंच नवं पाणी घालतात. तेही सरळ नाही. नळाचं पाणी आधी ड्रममध्ये उघडं ठेवायचं. त्याचा औषधाचा वास गेल्याशिवाय त्याला टाक्यात प्रवेश नाही. घरची सून इतकी पारख करून आणली नव्हती, हे मी साक्षीनिशी सांगू शकतो.

पेरूचं पान पाण्यात पडलं तर त्यांना पंगतीत बसल्या जागी कळतं. सत्यनारायणाच्या पूजेत एकदा कलावतीच्या नवऱ्याची नाव बुडायच्या बेतात असताना यजमान पाटावरून उठून पसार झाले आणि नेटच्या साडीच्या तुकड्याची जाळी घेऊन पान काढून आले. भटजी म्हणाले, "अहो, कथा अर्धी राहिली." हे म्हणाले, "तुमची नाव वर येनारच हाय महाराज, पान खाली जाते." माशांना खाणं चिमूटभर, तेही एकदाच. त्यांच्या धाकट्या जावयाने लाडाने जिलबीचा तुकडा टाकला, तर पाणी पुन्हा नितळेपर्यंत सासरे त्याच्याशी बोलले नाहीत. आणि एका मे महिन्यात त्यांनी घरचा कूलर उलटा करून त्याचं तोंड टाक्याकडे फिरवलं. माणसं ज्याच्या त्याच्या मामाकडे गेली. मासे मात्र सुखात राहिले.

आता परातीचं सांगतो. आमच्याकडे लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालून द्यायचं; नाव नसलेलं भांडं म्हणजे पत्ता नसलेला पाहुणा. मी मुलीला स्टीलची मोठी परात दिली होती आणि तिच्यावर आतल्या बाजूने, मधोमध, माझं नाव आणि 'कळंब, यांजकडून सप्रेम भेट' असं ठसठशीत घालून घेतलं होतं. नातवाच्या बारशाला मी दारव्ह्याला गेलो, कौतुकाने टाक्यात डोकावलो, तर तळाशी माझी परात! उताणी पडलेली, माझं नाव आभाळाकडे तोंड करून, आणि त्यावरून एक मासा शेपटी हलवत चाललेला.

"इवाई," व्याही आनंदाने म्हणाले (आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात), "पाह्यलं का? रोज सकाळी उठलो का पयले तुमचं नाव वाचतो. नाव दिसलं म्हनजे पानी साफ. नाई दिसलं तर चहा नाई."

मी दुसरं वाक्य ऐकलंच नाही. व्याह्याने माझं नाव पाण्यात बुडवलं, एवढंच दिसलं. रुसण्याचा हक्क मुलाकडच्यांचा, मुलीच्या बापाने रुसल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ते मी करून दाखवलं. बारशाचं जेवण न जेवता आलो आणि त्या दिवसापासून तोंड सोडलं. आधी फक्त परात सांगायचो. पण नुसत्या परातीवर लोक हसत नाहीत. मग पाण्यावर शेवाळ आणलं. पुढच्या लग्नात डास आले. त्याच्या पुढच्यात बेडूक सोडले, आणि बेडकांवर इतका हशा झाला की मी त्यांना आवाजही काढून दाखवायला लागलो. कळंबपासून केळापूरपर्यंत माझे बेडूक ओरडून आले.

मागच्या पावसाळ्यात दारव्ह्यात घरोघरी ताप निघाला आणि मुलीचा फोन आला.

"बाबा, तुमच्या बेडकांनी आमच्या दारात ट्रॅक्टर आनला."

"कोणता ट्रॅक्टर?"

"मुरमाचा. उद्या सकाळी टाकं बुजवून राह्यले. सारा वार्ड म्हनते डास इथूनच येतात. मामंजींनी लाख सांगितलं, तर लोक म्हनतात, सख्खा इवाईच सांगते नं! ते काल्लपासून टाक्यापाशी बसून हायेत. चहा नाई का पानी नाई."

मी पहिल्या गाडीने निघालो. प्रवासभर शेजारचा माणूस ओळख काढून, "ते बेडकाचं सांगा नं काका," म्हणत होता. मी झोपेचं सोंग घेतलं.

पोचलो तर मागच्या गल्लीत मुरमाचा ट्रॅक्टर उभा, परसात वार्ड जमलेला, आणि सगळ्यांत पुढे शेजारचे गुरुजी. त्यांच्या घरी दोघं तापाने पडले होते, त्यामुळे त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. आरोग्य खात्याच्या बाई हातात अळ्या तपासायचा पांढरा डाव घेऊन आल्या होत्या. व्याही काठावर बसलेले. मला पाहिलं. मग बाईंना म्हणाले, "मॅडम, बुजवा. पन पयले वाचा."

"काय वाचू?"

"खाली लिवलं हाय ते."

बाई वाकल्या आणि अख्ख्या वार्डासमोर मोठ्याने माझं नाव वाचलं. आडनावासकट. "कळंब, यांजकडून सप्रेम भेट." कमरेइतक्या पाण्यातून, भर पावसाळ्यात, काना-मात्रेसकट.

"हे कळंबवाले कोण?" त्यांनी विचारलं.

शाळेत करतात तसा मी हात वर केला. सारी तोंडं माझ्याकडे वळली. कुणीतरी मागून म्हणालं, "बेडूकवाले काका!"

"बेडूक माझे," मी म्हणालो. आवाज खरोखर बेडकासारखाच निघाला. "मी हसवायसाठी सोडलेले. शेवाळ माझं, डासही माझे. या टाक्यात यांचं फक्त पाणी आहे."

बाईंनी पाण्यात डाव फिरवला, उन्हात धरला. एक अळी नाही. मग त्यांनी सहज विचारलं, "बाकी घरचे कूलर रिकामे केले का?" वार्डाने एकमेकांकडे पाहिलं. गुरुजींचा कूलर उघडला तर तळाच्या पाण्यात अळ्यांची शाळा भरलेली! त्यातलं तांब्याभर पाणी आणून व्याह्यांनी ते टाक्याच्या कडेला, एरवी कुणालाही न मिळणाऱ्या परवानगीने, स्वतःच्या हाताने सोडलं. अळ्यांवर गप्पी माशांची एकच झुंबड उडाली. लोक काठावरून वाकून पाहत होते. सगळं साफ झालं तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानेच पहिली टाळी वाजवली.

त्यानंतर जे झालं त्याला विजयच म्हणावं लागेल. मुरूम गल्लीतल्या खड्ड्यांत पडला. लोकांनी तांबे, बरण्या, दुधाच्या किटल्या आणून मासे मागायला रांग लावली. गुरुजी रांगेत सगळ्यांत शेवटी, मान खाली घालून उभे होते. व्याह्यांनी त्यांना सगळ्यांत जास्त मासे दिले आणि सांगितलं, "मासा फुकट हाय गुरुजी. पन टाकं पाहाले मी येईन." ते जातातही. आजही वार्डात त्यांची टोपी कोपऱ्यावर दिसली की बायका आतून ओरडतात, "अवो, कूलर घासला का?"

वार्ड पांगल्यावर माझ्या मुलीने आम्हा दोघांना चहा आणून दिला. मी माफीचं काहीतरी जुळवत होतो, तर ते एका गलेलठ्ठ माशाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा पाहा. खायले साऱ्यात पयला येते, आन मंग तुमच्या परातीखाली जाऊन रुसून बसते. आम्ही त्याले इवाई म्हनतो." मुलगी पदर तोंडाला लावून आत पळाली. म्हणजे बदनामी दोन्हीकडून चालू होती. त्यांची फक्त घरातल्या घरात होती.

आता मी महिन्यातून एकदा तरी जातो. पण एक अडचण झाली आहे. परातीवर गाळ बसू नये म्हणून इतकी वर्षं त्यांनी ती काढून राखेने घासली, आणि घासून घासून माझं नाव झिजत गेलं. यंदा ते पार गेलं. पाणी आरशासारखं, परात चांदीसारखी, आणि मधे काहीच नाही. मी म्हणालो, पुन्हा नाव घालून आणतो. त्यांनी मान हलवली. "कायले? तुमी येता नं."

म्हणून सकाळी आम्ही दोघं काठावर उभे राहतो. त्यांच्या बायकोने दिलेला चहा कठड्यावर निवत असतो. "वाचा, इवाई," ते म्हणतात. मी वाकतो आणि कोऱ्या परातीवरून माझं नाव सावकाश वाचतो, आडनावासकट, सप्रेम भेटीसकट. ते पाण्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत असतात.

"दिसते नं?"

"स्वच्छ दिसतं," मी म्हणतो. मग ते चहा घेतात.