वाचून न दाखवलेली कमेंट

आधी माफी मागतो. लिहायला बसावं अशी माझी लायकी नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि मी आजवर जे लिहिलं तेही बहुतेक दुसऱ्याचंच — परीक्षेच्या खोलीत, शेजारी बसून, तो सांगेल तसं. लेखनिक होतो मी. स्वतःचं असं हे पहिलंच. चुकलं तर सांभाळून घ्या, असं म्हणणार होतो — पण नको. सांभाळून घेण्यासारखं यात काही नाही.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीतल्या पोरांना नाही. एकदा सांगायला तोंड उघडलं होतं, तेव्हा समोरचा म्हणाला, ‘जेवलास का बे?’ आणि मी म्हणालो, जेवलो. तेवढ्यावर राहिलं.

समोरचा म्हणजे श्रीनू.

श्रीनिवास त्याचं नाव. माझ्यापुढे एक वर्ष. जन्मापासून त्याला दिसत नव्हतं. घर तेलुगू, विणकरांचं, सोलापुरातच पूर्व भागात. मी पहिल्या वर्षाला आलो तेव्हा फळ्यावर चिठ्ठी होती — अंध विद्यार्थ्यासाठी लेखनिक हवा, खालच्या वर्गातला. मी गेलो. समाजसेवा म्हणून गेलो असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. खरं म्हणजे तोवर कॉलेजात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. हजेरीला मी एकदा ‘हाय सर’ म्हणालो आणि मागचा बाक आठवडाभर मला ‘हाय सर, हाय मॅडम’ करत होता.

‘कुठला बे तू?’ श्रीनूनं पहिल्याच दिवशी विचारलं.

‘केमजवळचा.’

‘गाडी थांबते का तिथं?’

‘काही काही थांबतात.’

‘मग चालतंय. निदान थांबायची सवय असेल.’

तेव्हापासून मी केम. माझं नाव त्यानं कधी घेतलंच नाही. चालताना त्याचा हात माझ्या कोपरावर असायचा, आणि त्या हातामुळे सगळं कॉलेज मला ओळखायला लागलं. ऑफिसातल्या बाई, शिपाईमामा, कँटीनवाले — ‘अरे, श्रीनूचा मित्र ना तू?’ गावाकडून आलेल्या माणसाला शहरात ओळखणारं कुणी असणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? तो माझ्या आधारानं चालतो असं लोकांना वाटायचं. चालत मी होतो, त्याच्या आधारानं.

आता गाण्याचं सांगतो.

श्रीनूच्या घरी खालच्या मजल्यावर चार यंत्रमाग होते. दिवसभर खटखट. त्या आवाजावरून त्याला घर कळायचं — आवाज उजव्या कानात मोठा झाला की जिना आला, छातीत घुमायला लागला की मधलं दार. तो दहावीला बाहेरगावी अंधशाळेत असताना वडिलांनी माग विकले. त्याला कुणी कळवलं नाही. सुट्टीत घरी आला, दारातून आत पाऊल टाकलं आणि त्याला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरलो. चार पावलांवर जिन्याच्या कठड्याला कपाळ आपटलं. खोक अजून आहे. वडील — घरात सगळे त्यांना नान्ना म्हणतात — पुढच्याच महिन्यात दुसऱ्याच्या मागावर कामाला सुरतेला गेले. त्या दिवसापासून बापलेकांत बोलणं नव्हतं. त्यांचा फोन आला की श्रीनू गच्चीत जायचा.

त्यावर त्यानं गाणं केलं. आपल्याकडे गाणं म्हटलं की भजन, भीमगीत, लावणी नाहीतर डीजे. हे तसलं काही नव्हतं. गिटार, एका मित्राचे ड्रम, आणि शेजाऱ्याच्या मागाचा मोबाईलवर धरलेला आवाज. इंडी रॉक म्हणतात असं त्यानंच मला सांगितलं. गाणं अगदी सावकाश चालायचं. ‘आवाज गेला, भिंती गेल्या, आता घर कुठवर आहे?’ — एवढी ओळ पुन्हा पुन्हा यायची. मध्येच मागाचा आवाज तुटायचा आणि पुढं काहीच नाही. गिटार नाही, गळा नाही. सात-आठ सेकंद नुसती शांतता. मग पुन्हा तीच ओळ, हळू.

त्या शांततेवरून हॉस्टेलमध्ये दोन तट पडले. एक तट म्हणायचा, नेट गेलं वाटतं. म्हणायचा, हे लग्नात लावलं तर नवरी माघारी जाईल. अंघोळीला जाताना लावू नका, गरम पाणी गार लागतं. दुसरा तट काही म्हणायचाच नाही. माढ्याचा एक पोरगा होता, कायम दांडगाई करणारा, तो ती सात-आठ सेकंद जागचा हलायचा नाही. मेसच्या मावशी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, ‘लई वंगाळ वाटतंय रं ऐकून.’ मी बंद करायला गेलो तर म्हणाल्या, ‘बंद नगं करू की.’

गाणं त्यानं नेटवर टाकलं होतं, तिथल्या कमेंटांतही तेच. शेकड्यानं आल्या. बहुतेक मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या, आणि इथंच माझी गरज होती. श्रीनूचा फोन लिहिलेलं वाचून दाखवायचा. त्या आवाजाला तो मशीनबाई म्हणायचा. पण इंग्रजी अक्षरांतली मराठी मशीनबाईला झेपत नसे. ‘बाई “लई भारी”सुद्धा शिवी दिल्यासारखं म्हणते,’ तो हसायचा. मग दुपारच्या सुट्टीत आम्ही लायब्ररीमागच्या पायऱ्यांवर बसायचो आणि मी वाचायचो. वाईट कमेंटा त्याला जास्त आवडायच्या. ‘घरात कोण मेलंय का भावा’ ही त्यानं तीनदा वाचायला लावली.

‘अरे, हसणारे पण ऐकूनच हसले की बे.’

पण वाचून संपलं की रोज एकच प्रश्न. ‘नान्ना?’

कारण गाणं त्यानं जगासाठी टाकलंच नव्हतं. सुरतेच्या एका माणसानं ऐकावं म्हणून टाकलं होतं. ‘फोनवर मला जमणार नाही. त्यांना तर बोलणंच येत नाही. पण उत्तर आलं ना केम, तर मी गाडीत बसणार. वर्ष बुडालं तर बुडालं. सुरतेला त्यांच्या खोलीवर जाऊन राहणार.’

हे तो म्हणाला तेव्हा मी काय म्हणालो? ‘जा की.’ आणि आत कुठंतरी कोपर उघडं पडल्यासारखं झालं.

थांबा. आणखी एक सांगायचं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हे कारण म्हणून सांगत नाही.

घरात वाचता येणारा मी एकटा. दवाखान्याचा कागद, ग्रामपंचायतीची नोटीस, सगळं मीच वाचून दाखवायचो. थोरल्या ताईचं लग्न झालं, तिचे मेसेज यायचे, तेही आईला मीच वाचून दाखवायचो. सासू बोलली, उपाशी ठेवलं, असं काही असलं की तेवढं गाळायचो. ‘बरी हाय म्हणती’ एवढंच सांगायचो. आईला बरं वाटायचं. मी तेव्हा आठवीत होतो. वाचणाऱ्यानं गाळलं तर ऐकणाऱ्याला कधीच कळत नाही, हे मला आठवीत कळलं होतं. पुढं ताई एका पिशवीनिशी माघारी आली, तेव्हा आई मला म्हणाली, ‘तिनं काहीच कसं कळवलं न्हाय रं?’ मी गप्प बसलो. तिथंच शहाणा व्हायला हवं होतं. झालो का?

तो मंगळवार होता. पायऱ्यांवर ऊन आलेलं. मी वर-खाली करत वाचत होतो. एक कमेंट आली, इंग्रजी अक्षरांतच, अनोळखी नावाच्या खात्यावरून.

‘श्रीनू, नान्ना बोलतोय. दोस्ताच्या फोनवरून लिवायला लावलो. गाणं ऐकलो. माग विकताना तुला विचारलो नाही, चुकलं माझं. घर कुठवर आहे विचारलास. तू हात लावशील तिथवर आहे. बोलशील तर फोन कर.’

मी ती वाचली. मनात. एकदा नाही, चारदा.

‘थांबलास का बे? काय आहे?’

‘काही नाही. जाहिरात आहे. मोबाईलची कव्हरं विकतोय कुणीतरी.’

श्रीनू हसला. म्हणाला, ‘विकू दे. त्यानं पण ऐकलं असेल.’

मग विचारलं, ‘नान्ना?’

मी म्हणालो, ‘नाही.’

हे ते. इतकंच. मी म्हणालो, नाही.

त्याच्याबद्दल माझ्या मनात वाईट नव्हतं. पण ‘वाईट नव्हतं’ याचा अर्थ काय? तो गेला असता तर कँटीनपर्यंत मला एकट्याला चालावं लागलं असतं — माझ्याकडून एवढंच पणाला लागलं होतं. त्याच्याकडून बाप. मी दोन्ही बाजू बघितल्या आणि कँटीन निवडलं.

उद्या सांगू, असं त्या दिवशी मनात म्हणालो. पण उद्या सांगायचं तर काल का नाही सांगितलं, हे आलंच. म्हणून दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही. रोज वाचायला बसलो की आधी ती कमेंट शोधायचो, आहे ना बघायचो, आणि तिच्यावरून पुढं जायचो — दारात निजलेल्या माणसाला ओलांडून जावं तसा. दुसऱ्या कुणी वाचून त्याला सांगितली तर? ही भीतीही होती. पण खाली नव्या कमेंटांचा ढीग पडत गेला, आणि आपलं भांडण सोडून दुसऱ्याचं वाचतो कोण?

बाराव्या दिवशी कमेंट नव्हती. वर गेलो, खाली गेलो. कुणीतरी काढून टाकली होती. मला काय वाटलं ते सांगायलाच हवं. सुटलो, असं वाटलं. त्या दुपारी मी त्याला सगळ्या कमेंटा मोठ्यानं, नीट, हावभाव करून वाचून दाखवल्या. तो म्हणालाही, ‘आज लई रंगात आहेस.’

महिन्याभरानं त्यानं विचारायचं सोडलं. एकदा चालता चालता म्हणाला, ‘ऐकलंच नसेल. नाहीतर ऐकून गप्प बसले असतील. दोन्हीतलं वाईट कुठलं बे, केम?’

मी म्हणालो, ‘पेपर जवळ आलाय, गद्य राहिलंय.’

त्याच संध्याकाळी मी सांगायला तोंड उघडलं होतं. जेवलास का, म्हणाला तो. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

गिटार त्यानं ड्रमवाल्या मित्राकडे ठेवायला दिली, ती परत आणली नाही. दुसरं गाणं झालं नाही. त्याचे शेवटच्या वर्षाचे पेपर मी लिहिले, एकही शब्द न गाळता. तो पहिल्या वर्गात पास झाला आणि माझ्या आईसाठी पेढ्यांचा पुडा दिला. ‘हे सगळं केमचं अक्षर आहे,’ असं येईल-जाईल त्याला सांगत होता. नंतर त्याला फोनवर तक्रारी ऐकून घ्यायचं काम लागलं. मी तिसऱ्या वर्षाला गेलो. आमचं बोलणं कमी होत गेलं. मीच होऊ दिलं.

परवा पद्माचा फोन आला. पद्मा म्हणजे श्रीनूची धाकटी बहीण, बारावीला आहे. मला दादा म्हणते. माझी जुनी पुस्तकं मिळतील का, विचारत होती. मी हो म्हणालो, घरचे कसे आहेत विचारलं.

‘नान्ना गेले, दादा. दोन महिने झाले. सुरतेलाच. कामावर छातीत कळ आली.’

मग ती सांगत गेली. नान्नांचा खोलीतला सोबती त्यांची पिशवी घेऊन आला होता. तेराव्यापर्यंत थांबला. जाताना अण्णाला — म्हणजे श्रीनूला — म्हणाला, ‘बाप चुकला असेल, पण त्यानं लिहिलं होतं की रे. एका अक्षरानं तरी उत्तर द्यायचं.’ त्याच्याच फोनवरून त्यांनी लिहून घेतलं होतं. पाळी सुटली की रोज विचारायचे, ‘आलं का?’ शेवटी म्हणाले, काढून टाक, पोराला त्रास नको.

श्रीनू काय म्हणाला, मी विचारलं.

‘अण्णा म्हणाला, केमच्याकडून गर्दीत राहून गेली असेल. किती कमेंटा होत्या, माणूस कुठवर बघणार.’ ती नाक ओढत म्हणाली, ‘तुम्हाला यातलं काही सांगू नको म्हणालाय तो. तुमच्या मनाला लागेल म्हणून. मी बोलले हे त्याला कळू देऊ नका, दादा.’

मी म्हणालो, ‘बरं.’