राउटरची फेन्स आणि काकांचा गुण्या

"पोरगी इंग्लिश मीडियमची हाय शेठ. लाकडालाबी सॉरी म्हनंल."

मिस्त्री हे काकांना म्हणाले, मला नाही. मी त्यांच्यापासून चार हातांवर प्लायच्या दोन पट्ट्या काटकोनात धरून स्क्रू पिळत होते. काका हसले. घरच्या लग्नकार्यांतही त्यांना फारसं हसताना मी पाहिलेलं नव्हतं. मला हसण्यात मात्र त्यांचा हात सढळ होता.

कोथरूडच्या टोकाला काकांची पत्र्याची शेड होती. खराडीच्या नव्या फ्लॅटांमधली किचन तिथे तयार होत. आठवडाभर मी त्याच खराडीत कॉम्प्युटरसमोर बसायची आणि रविवारी शेडमध्ये यायची. कोपऱ्यात राउटर टेबल होतं: टेबलाच्या भोकातून गरगर फिरणारं पातं वर येतं आणि लाकडाच्या कडेला गोलाई देतं किंवा खाच पाडतं. काकांनी ते मुलासाठी घेतलं होतं. मुलगा सॉफ्टवेअर शिकून अमेरिकेला गेला आणि टेबलावर फडकं पडलं. ते फडकं मी काढलं, एवढाच माझा गुन्हा.

टेबलाला फेन्स नव्हती, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरळ पुढे सरकवायचं ती उभी भिंत.

"विकत आणणार नाही," काकांनी सांगितलं होतं. "बनवून दाखव. काटकोनात आली तर रविवारी मशीन तुझं. नाही आली तर परत इथे पाऊल टाकायचं नाही. घरी बसून कीबोर्ड बडवायचा."

तीन रविवार गेले. पात्यासाठी मधोमध अर्धगोल तोंड कापलं, मागे त्रिकोणी टेकू लावले, भुसा ओढायच्या पाइपाला भोक ठेवलं. "दोन सूत आत घ्या," मिस्त्री म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. मी दोन मिलिमीटर घेतले. पट्टी वाया गेली.

"पाढे इंग्रजीत पाठ केले की असं होतं," काका म्हणाले.

काटकोन मी शाळेच्या कंपासपेटीतल्या प्लास्टिकच्या सेट-स्क्वेअरने तपासला. त्याआधी त्याचीच परीक्षा घेतली होती: सरळ कडेला टेकवून एक रेघ, मग तो पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या, म्हणजे त्याचा काटकोन खरा.

शेवटी काका काटकोन बघायचा आपला लोखंडी गुण्या घेऊन आले. तो त्यांच्या गुरूंचा. खंडेनवमीला पहिलं हळदकुंकू त्याला, आणि एरवी दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. त्यांनी तो फेन्सला भिडवला. वरच्या टोकाला उजेडाची बारीक फट दिसली.

"वाकडी हाय," मिस्त्री खुशीत म्हणाले.

"मलाही डोळे आहेत. स्क्रू खोला तिचे," काका त्यांना म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "आणि मॅडम, आपण चपला घाला."

मी त्या फटीकडे बघत राहिले. काकांच्या प्रत्येक किचनची शटर, म्हणजे कपाटांची दारं, जागेवर नेल्यावर रंधा मारूनच बसवावी लागत. दर वेळी मिस्त्री बिल्डरला शिव्या घालत, नव्या बिल्डिंगांच्या भिंतीच वाकड्या म्हणत. दर वेळी, प्रत्येक बिल्डरच्या? पण ज्याची पूजा करायची त्याला पालथं घालून कोण बघणार?

भांडणात माझं नेहमी एकच होतं. वाक्य आधी मनात इंग्रजीत तयार होतं, मग मी त्याचं मराठी जुळवते, आणि ते जुळेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो. मी एक चप्पल पायात सरकवलीसुद्धा. मिस्त्रींनी पहिला स्क्रू काढून खिशात टाकला आणि दुसऱ्याला पेचकस लावला. कुणाच्या दारावरची पाटी उतरवावी तसे ते माझे तीन रविवार खोलत होते. काका गुण्या फडक्याने पुसत होते.

मी प्लायचा उरलेला तुकडा आणि पेन्सिल उचलून त्यांच्यासमोर ठेवली.

"काका, वाकडा तुमचा गुण्या आहे. इथे कडेला टेकवून एक रेघ मारा, मग तो पालथा करून त्याच जागेवरून दुसरी मारा. जुळल्या तर मी स्वतः फेन्स खोलून जाते."