रंगनाथची शंभर धायटी

बोलायच्या आधी विचार करायची सवय रंगनाथला असती, तर त्याच्या आयुष्यातले निम्मे प्रसंग घडलेच नसते. पेठ रोडवरच्या घराच्या ओट्यावर टाइपरायटर मांडून तो लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा आणि उरलेल्या वेळात समाज सुधारायचा. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या हिसक्याला. पण कायदा म्हणा, पाणी म्हणा, झाडं म्हणा, विषय निघायचा अवकाश, रंगनाथचं मत तयार! त्याच्या कृती समितीत चार सभासद होते आणि त्यातले दोघे फक्त चहाच्या वेळी उगवायचे.

१९९८ च्या जुलैत कॉलनीच्या बागेची बैठक भरली. अध्यक्ष गोरक्षअण्णा, निवृत्त तलाठी. कुंपणालगतच्या पट्ट्यात ड्युरांटा लावायचा विषय निघाला आणि रंगनाथ ताडकन उठला.

“परदेशी झुडपं कशाला? आपल्या हरसूलच्या डोंगरात धायटी आहे की! फांदीफांदीला लालभडक फुलं, पाखरांची नुसती झुंबड!”

“मग आणा,” अण्णा शांतपणे म्हणाले. “कुठल्या नर्सरीत मिळते?”

नर्सरीत मिळत नव्हती. शहाणा माणूस इथं खाली बसला असता.

“बियांपासून करीन! शंभर रोपं! दोन हजार सालच्या जुलैत इथं आणून टाकीन!”

अण्णांनी ते वहीत लिहिलं, खाली रंगनाथची सही घेतली आणि पट्टा दोन वर्षं मोकळा ठेवला. रोपं आली नाहीत तर ड्युरांटा. आता प्रश्न झाडाचा राहिला नाही. दिलेला शब्द पाळा म्हणून जो आख्ख्या गावाच्या मागे लागायचा, त्याचाच शब्द कुंपणाला टांगला गेला.

पुढच्या मे महिन्यात तो हरसूलच्या डोंगरातून धायटीची सुकलेली बोंडं घेऊन आला. चोळली तर हातात नुसती तपकीर. हे बी? बायकोला, ज्योत्स्नाला, त्यानं ते अभिमानानं दाखवलं आणि तिला शिंक आली. शंभरेक रोपांचं बी तिथंच स्वयंपाकघरात उडालं. उरलेल्यातलं अर्धं त्यानं बाटलीत ठेवलं. अर्ध्यासाठी शंभर पिशव्या भरल्या, उत्तम शेणखत घातलं आणि प्रत्येक पिशवीत बोटाची दोन पेरं खोल बी गाडलं. एवढंसं बी, वर ठेवलं तर मुंग्या नेतील, हा त्याचा स्वतंत्र शोध.

जूनअखेर पिशव्या हिरव्यागार झाल्या. रंगनाथ रोज सकाळी पाणी घालायचा, आल्यागेल्याला परसात नेऊन दाखवायचा. “बघा, नक्षीदार पान! परदेशी झाडाला असलं पान असतं का?”

ऑक्टोबरात द्राक्षाच्या छाटणीला आलेली हरसूलकडची भागीबाई रेशनकार्डाचा अर्ज करून घ्यायला ओट्यावर आली. अर्ज झाला, चहा झाला आणि रंगनाथनं तिलाही परसात नेलं. भागीबाईनं पिशव्यांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

“भाऊ, गाजरगवत कशाला लावला रं?”

“ही धायटी आहे, मावशी.”

“धायटी मी जल्मापासून तोडते. हा गाजरगवत हाय. आनि पिशवीत घालून?”

मागून ज्योत्स्नाच्या हसण्याचा आवाज आला. गाजरगवत हटवा म्हणून रंगनाथनं दोनदा मोर्चा काढला होता. आता अंगाला खाज आणणारं तेच गवत त्यानं शेणखत घालून चार महिने वाढवलं होतं. खतातूनच आलं असणार. धायटी मात्र दोन पेरं खाली कायमची झोपली होती.

“बारीक बी गाडायचं नसतं,” भागीबाई म्हणाली. “आमी नागली, तुमची नाचनी, कशी करतो? आधी राब भाजतो. पालापाचोळा, शेण पसरून पेटवायचा. गवताचं बी जळून जातं. मग वरून टाकायचं.”

रंगनाथचा चेहरा पडला. राब जाळणं बंद करा, निसर्ग वाचवा, अशी पाचशे पत्रकं त्यानं वर्षभरापूर्वी हरसूलच्या आठवडे बाजारात वाटली होती. राब म्हणजे काय, हे वाटताना एकालाही विचारलं नव्हतं.

“तो कागद तूच वाटलास व्हय?” भागीबाईचे डोळे चमकले. “लय कामाचा! आमी त्यात बोंबील बांधून नेले.”

रंगनाथला संताप आला. पण बोंबलांवर कसा आणि कोणापुढं चिडणार?

द्राक्षाचा हंगाम उरकून एप्रिलअखेर गावी परतताना भागीबाई परत आली. परसात तिनं खाटेएवढी जागा आखली, पालापाचोळा आणि शेण अंथरलं आणि पेटवलं. धूर थेट शेजारच्या लताबाईंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर. लताबाईंनी कचरा जाळला म्हणून गेल्याच वर्षी रंगनाथनं त्यांना नोटीस धाडली होती. त्या भिंतीवरून डोकावल्या.

“रंगनाथराव, धुराची तक्रार टाइप करायची होती. लिहून द्याल का?”

रंगनाथनं खोकल्याचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी राख निवली. भागीबाईनं बाटलीतलं बी मूठभर राखेत कालवलं आणि हात सैल सोडून वाफ्यावर फेकलं. रंगनाथचा हात आपोआप माती लोटायला पुढं झाला. भागीबाईनं त्यावर चापट मारली.

“गाडू नको म्हनलं ना! पानी बी बादलीनं नाय. लिंबाच्या डहाळीनं शिपड. आनि तोंड मिटून ऱ्हा.”

यातलं शेवटचं सर्वांत अवघड होतं. पंधरा दिवस वाफ्यावर काहीच दिसेना. सोळाव्या दिवशी हिरवट थर दिसला. शेवाळ समजून रंगनाथनं खुरपं उचललं. ज्योत्स्नानं त्याचं मनगट धरलं.

“अहो, भागीबाईंनी काय सांगितलंय? हात लावायचा नाही.”

त्या थराला आठवड्याभरात दोन दोन पानं फुटली. जुलै उजाडला तेव्हा शंभराहून कितीतरी जास्त रोपं होती. पण प्रत्येक जेमतेम नखाएवढं. असली रोपं बागेत लावली असती तर पहिल्याच संध्याकाळी मुलांच्या चपलांखाली गेली असती.

मुदतवाढ! हा शब्द रंगनाथनं आजवर फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता आणि ऐकल्यावर टेबलं बडवली होती. रात्रभर त्यानं, पावसाला कसं जबाबदार धरता येईल, याचा विचार केला. सकाळी मान खाली घालून अण्णांकडं गेला.

“लेखी अर्ज द्या,” अण्णा म्हणाले. “कारणासह.”

आयुष्यात हजारो अर्ज टाइप करणारा माणूस ‘विलंबाचे कारण’ या ओळीवर तासभर अडकला. तीन कागद फाडले. पहिल्यात पाऊस होता, दुसऱ्यात बी खराब होतं, तिसऱ्यात शेजाऱ्यांचं असहकार्य. चौथा कागद चढवून त्यानं दात-ओठ खात टाइप केलं: ‘अर्जदारास पेरता येत नव्हते. मौजे हरसूल येथील भागीबाई यांनी शिकवले. एक वर्ष मिळावे.’

अण्णांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला.

“एवढी वर्षं सरकारी नोकरी केली, असं कारण कोणी लिहून दिलं नाही हो.”

त्यांनी पेन काढून समासात लिहिलं: ‘मंजूर. पट्टा मोकळा ठेवावा. अट: रोपांची निगा भागीबाई सांगतील तशीच राखावी, अर्जदाराने स्वतःचे डोके चालवू नये.’

अट वाचून रंगनाथचं डोकं तापलं. चांगलं झणझणीत उत्तर जिभेच्या टोकावर आलं होतं. ते गिळून त्यानं पोच घेतली आणि घरी रोपांवर पाणी शिंपडायला गेला.