डॉक्टर 'माइट' म्हणाले

राजापेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी इंग्रजीची शिकवणी घेते. पुढं काय होणार हे सांगायचं तर 'विल' म्हणजे पक्कं, 'मे' म्हणजे बहुतेक आणि 'माइट' म्हणजे देव जाणे, असं मी मुलांकडून घोकून घेते. 'आय विल पास' लिहिणाऱ्याच्या वहीवर माझा लाल पेन फिरतोच. स्वभावच संशयी, दूधवाला "उद्या नक्की" म्हणाला की मी दुसरीकडे पिशवी सांगून ठेवते.

आईचा एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्याचं ऑपरेशन ठरवायला आम्ही अकोल्याला गेलो, तेव्हा डॉक्टर माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "शी माइट सी."

परतीच्या एसटीत आईनं विचारलं, "काय म्हनला डॉक्टर?"

"दिसन म्हने तुले."

"पक्कं?"

"पक्कं."

ती खिडकीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला वाटायला लागलं. मीठ-साखरेचे डबे जागचे हलले, एकाला दोरा बांधलेला. सांडशी खिळ्यावर गेली. मी कामवालीवर संशय घेतला, तिला नको ते बोलले. "मी नाई बाप्पा," म्हणून तिनं हात वर केले. मग वाटलं, आईलाच आठवेनासं झालंय की काय.

तिसऱ्या दिवशी शिकवणी लवकर सोडली आणि पाय न वाजवता आत गेले. आई डोळ्यांवर पदर बांधून चहा करत होती. एका हातानं ओटा चाचपत होती.

"माय, काय करून राहिली?"

ती दचकली नाही. "धा वर्सं झाली, भाजी निवडता निवडता तुयाच क्लास आइकून राहिलो. डॉक्टर 'विल' नाई म्हनला. 'माइट' म्हनला."

लाज वाटली, स्वतःचीच.

पदर न सोडता तिनं कप पुढं केला. "साखर पाय बरं. अन् आता खरं सांगजो."

मी घोट घेतला.

"मीठ पडलं, माय."

"अस्सं. म्हंजे दोरा मिठाले होता," ती म्हणाली, आणि तिनं चाचपत पुन्हा चहाचं आधण ठेवलं.