डाळिंबाच्या ओळीत वळणारी गाडी

निम्मी लिंगं झाली होती. श्रावणी सोमवारी शहरभर विखुरलेल्या अडुसष्ट शिवलिंगांची फेरी अनवाणी करायची, हा वैजयंती आणि श्रीदेवी या शेजारणींचा जुना नेम. पण आज श्रीदेवीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका लिंगापुढं तिनं नुसते हात जोडले आणि चालू पडली.

"अगं, बेल तरी वाहा की!" वैजयंतीनं तिला हटकलं. "देवालाबी गिऱ्हाइकासारखं कटवतीस व्हय?"

श्रीदेवी मागं फिरली, बेल वाहिला. "उद्या मल्लूच्या बागेत फवारणी हाय गं. आन् गाडी वळंना."

मल्लू म्हणजे मल्लिनाथ, तिचा धाकटा भाऊ. मंद्रुपकडं त्याची डाळिंबाची बाग. पाठीवर पंप घेऊन औषध मारता मारता त्याची छाती भरली होती. जिना चढला तरी धाप लागायची. फवारणीजवळ फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण फळावर डाग दिसला की तो कुणाचं ऐकायचा नाही. ओळी अरुंद, ट्रॅक्टर आत शिरत नव्हता.

श्रीदेवी रडत बसणारी नव्हती. वडिलांच्या, गुरप्पांच्या शुक्रवार पेठेतल्या दुकानात ती दहावीनंतर बसली आणि पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला शिकली. "बाईनं भरलेली मोटार चालंल का?" म्हणणारे आता पंप घेऊन तिचीच वाट बघत उभे राहतात. भावासाठी तिनं टाकी वाहणारी, रिमोटवर चालणारी गाडी बनवली. पुढची चाकं वळवायला एक छोटी मोटार. तिला सर्व्हो म्हणतात.

गाडी चालायची झोकात. पण चिखलात चाक रुतलं की सर्व्हो जोर करायचा आणि रिमोटचा हुकूम घेणाऱ्या रिसीव्हरची वीज खाऊन टाकायचा. रिसीव्हर बंद, गाडी सरळ झाडावर. म्हणून तिनं सर्व्होला स्वतःची बॅटरी दिली. तर आता तो हिवताप आल्यागत नुसता थडथडत होता.

शुक्रवार पेठ जवळ आली आणि श्रीदेवीचा फोन वाजला. सामान पाठवणारा पुण्याचा दुकानदार होता.

"ताई, दोन्ही बॅटऱ्यांच्या काळ्या वायरी एकमेकींना जोडल्यात ना?"

"छे! दोन लाइट-मीटरचे न्यूट्रल कुणी एकत्र करतं व्हय? आमच्या आप्पांनी हात तोडला असता."

पलीकडं तो मनापासून हसला. "ताई, हे घरातलं वायरिंग नाही. लाल वेगळ्याच ठेवा, काळ्या जोडा. त्याशिवाय रिसीव्हरचा हुकूम सर्व्होला कळणार कसा?"

श्रीदेवीनं फोन ठेवला. पाय दुकानाकडं वळले, तशीच थबकली. "फेरी अर्धी सोडू कशी गं?"

"देव कुठं पळून चाललाय?" वैजयंती म्हणाली. "दुकान वाटेवरच आहे. चल."

गुरप्पा गल्ल्यावर बसले होते. लेकीनं काळी वायर काळीला जोडलेली पाहताच ते ओरडले, "ए, मी हेच शिकवलं का तुला?"

"आप्पा, हे न्यूट्रल न्हाय. बॅटरी हाय ही."

"मग जळाली तर माझ्याकडं रडत येऊ नको."

श्रीदेवीनं भरल्या टाकीच्या जागी गाडीवर एक जळकी, जड मोटार ठेवली, चिखल म्हणून पुढच्या चाकांखाली ओलं पोतं सरकवलं आणि रिमोट फिरवला. चाकं पोतं रेटत डावीकडं वळली, मग उजवीकडं. थरथर नाही, बंद पडणं नाही. गाडी बाकाखालून वळून थेट गुरप्पांच्या पायाशी येऊन थांबली. म्हाताऱ्यानं पाय वर घेतले. "वळती की गं," एवढंच म्हणाले; पण पुन्हा वळवून दाखव म्हणून हातानं खुणावलं.

दोघी परत वाटेला लागल्या. आता श्रीदेवी प्रत्येक लिंगापाशी डोळे मिटून निवांत उभी राहत होती. वैजयंतीनंही मनात मल्लूचं नाव घेऊन बेल वाहिला.

पुढच्या वळणावर श्रीदेवीनं तिचा हात धरला.

"वैजू, उद्या माज्यासंगं येशील बागेत? माजं ध्यान गाडीकडं असणार. गाडी जरा अडखळली की मल्लू पंप चढवून आत घुसंल बघ. माजं तो ऐकत न्हाय. ल्हानपणी तू त्याला पाढे शिकवलेस, तुला अजून भितो. तू बांधावर त्याच्याजवळ बस. कायबी झालं तरी आत सोडू नको त्याला. येवढं कर माज्यासाठी."