थांबबाई

"थांब!" हा शब्द बाईंच्या तोंडून तासाभरात वीसदा निघायचा, आणि वर्गातले आम्ही बाराही जण ब्रश हवेतच धरून बसायचो. पोरांनी त्यांचं नावच थांबबाई ठेवलं होतं. मी पंचेचाळिशीची, बाकी अकराही शाळकरी. पण दचकायची मीच जास्त. मुळात माझा स्वभावच धास्तीचा. गॅस बंद केलाय ना हे बघायला अर्ध्या वाटेतून रिक्षा परत फिरवणारी बाई मी. डॉक्टर म्हणाले, मन कशात तरी गुंतवा. म्हणून आमच्या आळीतल्या या जलरंगाच्या वर्गात नाव घातलं, आणि धास्तीला आणखी एक जागा मिळाली.

जलरंगात घाबरायला पुष्कळ असतं. पहिले तीन महिने बाईंनी चित्र असं काढूच दिलं नाही. नुसता वॉश. पाट तिरका ठेवायचा, भरल्या ब्रशने कागदावर वरून खाली एकसारखा निळा रंग उतरवायचा, आणि मग तो वाळेपर्यंत हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. आमच्या खाऱ्या, दमट हवेत तो वाळता वाळत नाही. मला राहवायचं नाही. मध्येच ब्रश टेकवला की ओल्या रंगात पाणी घुसून कडा फुललेला डाग उमटायचा. बाई त्याला कोबी म्हणत. "काय गो, आज पण कोबीचीच भाजी?" पोरं हसायची. मीही हसायचे, पण आतून स्वतःचाच राग यायचा.

बाईंची तपासायची रीत वेगळी होती. कागद हातात घेऊन त्या म्हणायच्या, "तुझी चूक तूच वाच." मग ज्याचा कागद त्याने उभं राहून सांगायचं, उजवीकडे रंग साचला, खाली पट्टा आला, मधे कोबी. बाई बोटांची मागची बाजू कागदावरून फिरवत ऐकायच्या. "बरोबर. परत कर." खोटं कोणी बोलत नसे. काय शिकवायची हातोटी आहे, असं मी नवऱ्याला घरी कौतुकाने सांगायचे.

मग एकदा सायली खोटं बोलली. आठवीतली पोर, तोच वॉश सहाव्यांदा करून रडकुंडीला आलेली. चित्रकलेची ग्रेड परीक्षा दोन महिन्यांवर होती. "चूक काही नाही, बाई," ती म्हणाली. कागदाच्या मधोमध तळहाताएवढा कोबी होता. बाईंनी बोटं फिरवली. "छान उतरलाय गो. खाली नाव घाल." कोणी हसलं नाही. सायलीने माझ्याकडे पाहिलं, तिचा चेहरा उतरला होता. बाईंना दिसत नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. सांगावं तर वर्ग बंद होणार आणि बाईंचा मुलगा त्यांना डोंबिवलीला घेऊन जाणार. न सांगावं तर अकरा पोरांच्या परीक्षेचं काय? कागदाऐवजी मी बाईंच्या डोळ्यांकडेच बघत बसायचे. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मगातलं पाणी बदलायच्या निमित्ताने उठले. शेवटी मासळीबाजारात सायलीची आई भेटली. बांगड्यांचा भाव करता करता मी तिला सगळं बोलून बसले. आठवड्याभरात पोरं दुसऱ्या वर्गाला गेली. पुढे सगळी पासही झाली.

पोरं गेल्यानंतरच्या शनिवारी मी वर्गाला गेले तेव्हा बाई एकट्याच पोरांचे मग धूत होत्या.

"सायलीची आई बोलून गेली मला. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे," त्या म्हणाल्या. "त्याला ऑपरेशन नाही. परीक्षेपर्यंत निभेल असं वाटलं होतं. चुकलंच माझं."

मला रडू फुटलं. त्यांनी हातातला मग पालथा घातला.

"सांगितलंस ते बरंच केलंस. पण आधी माझ्याकडे यायचंस गो. तुझ्या पाटापासून माझी खुर्ची पाच पावलांवर. बाजार केवढा लांब!"

त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा त्यांना घेऊन गेला. निरोपाला स्टेशनवर जायचं धाडस मला झालं नाही. नंतर महिनाभर फोनही केला नाही. मग एका संध्याकाळी त्यांचाच आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

"भाट्याच्या पुलावर जा आणि आभाळ कसं आहे ते सांग मला."

मी तशीच गेले आणि पुलावरून फोन लावला. "निळं आहे, बाई."

"निळं म्हणजे कसलं? वर किती, खाली किती? नीट बघ."

मी बघितलं. वर दाट निळं, मग हळूहळू पातळ होत गेलेलं, आणि समुद्राला टेकताना नुसती पिवळसर ओल. एकेक शब्द मी तोलून सांगत होते. मी चुकले तर तिकडे बाईंचं आभाळ चुकणार होतं.

"दिसलं," बाई म्हणाल्या. "उद्या जरा लवकर जा."